न शिवलेला झगा

पाच मीटर पांढरं टेरीकॉट. मी फादर व्हायला निघालोय हे आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, कुणाला कळण्याआधी आईने ते वसईतल्या पापडीच्या बाजारातून आणून ठेवलं होतं. दुकानदाराने सहज विचारलं, "पडद्यांना का?" आई म्हणाली, "झग्याला." त्यानंतर गावात वेगळी वर्दी द्यायची गरज उरली नाही. संध्याकाळच्या रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, शेजारच्या काकूंनी माझ्या नावाने एक 'नमो मरिया' जास्तीची म्हटली.

साल 2001. मी चोवीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला, अंधेरीच्या एका कंपनीत व्हाउचरं भरणारा. बाबा वाडीतली फुलं घेऊन पहाटेच्या विरार लोकलने दादरला जायचे, मी मागून आठच्या गाडीने निघायचो. आमच्या वसईत कुठल्याही ख्रिस्ती घरात चौकशी करा, एखादा काका फादर नाहीतर एखादी आत्या सिस्टर निघतेच. आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी नव्हतं. आईला ते बोचायचं. खरं सांगायचं तर मलाही.

पाचारण हा आमच्या बोलण्यातला शब्द. देव माणसाला नावाने हाक मारतो, ती हाक. लग्न हेही पाचारणच, असं धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतात. पण 'त्याला पाचारण आहे' असं कुणी म्हटलं की लग्न कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्या पाचारणाबद्दल मला कधीच शंका नव्हती. नवव्या वर्षी वेदीसेवक झालो, म्हणजे उपासनेत फादरांच्या हाताखालचा मुलगा. अकरावीत वक्तृत्व स्पर्धेत पहिला आलो तेव्हा एक फादर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वेदीवरून बोलायला हवास तू." ते वाक्य मी त्यांचं समजलोच नाही, थेट वरून आलेलं समजलो.

योजना तर तयारच होती. आधी नोव्हिशिएट, म्हणजे संघातली उमेदवारी, मग तत्त्वज्ञान, मग ईशज्ञान, पस्तिशीच्या आत गुरुदीक्षा, म्हणजे फादर होणं. पुढे तरुणांसाठी काम, मराठीतून लेखन, जमलं तर एखादं मासिक. प्रार्थनेत 'तुझी इच्छा पूर्ण होवो' हे मी रोज म्हणत होतो आणि मनापासून म्हणत होतो. पण माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर व्हाउचर मी आधीच भरून ठेवलेलं होतं. रक्कम, तारीख, खातं, सगळं. देवाने फक्त खाली सही करायची होती.

ज्या धर्मसंघात गेलो त्याचं नाव लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात माझी बाजूच जास्त येणार, आणि त्यांना इथे उत्तर द्यायला जागा नाही. अर्ज, बाप्तिस्म्याचा दाखला, धर्मगुरूंचं पत्र, डॉक्टरचं सर्टिफिकेट, दोन मुलाखती. एक वर्ष प्री-नोव्हिशिएट, आणि 2002 च्या जूनमध्ये घाटावरच्या एका गावात नोव्हिशिएट. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे हा काळ किमान बारा महिन्यांचा लागतो. त्यात दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन यांपैकी कुठलंही व्रत घेतलेलं नसतं. नोव्हिसला वाटलं तर तो जाऊ शकतो, संघाला वाटलं तर ते पाठवू शकतात. हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात वाचून दाखवलं होतं. रेल्वेच्या तिकिटामागच्या अटी आपण जशा वाचतो, तसं मी ते ऐकलं.

आमचे नोव्हिस-मास्टर, म्हणजे नोव्हिसांना घडवणारे फादर, जालन्याकडचे. पन्नाशीचे, सडपातळ, कमी बोलणारे. त्यांनी दिलेलं पहिलं काम म्हणजे एक दोनशे पानी वही आणि एक सूचना: "प्रार्थना चालू असताना काय वाटलं ते लिहू नकोस. संपल्यावर अर्ध्या तासाने काय उरलं ते लिही."

ही युक्ती त्यांची नव्हती, जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या संत इग्नेशियस लोयोलाची होती. तो मुळात शिपाईगडी. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला, आणि महिनोन्महिने तो घरी अंथरुणाला खिळला. वाचायला म्हणून मिळाल्या ख्रिस्ताच्या आणि संतांच्या कथा. पडल्यापडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा. एकात तो एका मोठ्या घरच्या बाईसाठी पराक्रम गाजवायचा, दुसऱ्यात संतांसारखा अनवाणी यरुशलेमला जायचा. रंगवताना मजा दोन्हींत सारखीच. फरक नंतर पडायचा. पहिल्याने मन कोरडं व्हायचं, दुसऱ्याने शांत राहायचं. एवढ्या एका निरीक्षणावर त्याने पुढे आत्म्यांची पारख करायची अख्खी पद्धत उभी केली. मला हे ऐकून बरं वाटलं. माझी स्वप्नं तर सगळी दुसऱ्याच प्रकारची होती!

पावसाळा संपल्यावर आम्हाला सहा आठवडे कामाला पाठवतात. कुणी इस्पितळात, कुणी आदिवासी पाड्यावर. मला जवळच्या शहरातल्या एका वृद्धाश्रमात पाठवलं. तिथल्या सिस्टरांनी माझं शिक्षण विचारलं, बी.कॉम. ऐकल्यावर त्यांचा चेहरा उजळला, आणि तिसऱ्या मिनिटाला मी ऑफिसात टॅलीसमोर बसलेलो. दोन वर्षांच्या पावत्या एका पिशवीत कोंबलेल्या होत्या. अंधेरीची नोकरी सोडून, घर सोडून, घाट चढून मी पुन्हा व्हाउचरांवरच! पहिल्या आठवड्यात मी मनातल्या मनात इतका धुमसलो की वहीत काय लिहायचं हा प्रश्नच पडला नाही.

दुसऱ्या आठवड्यात दाढी करणारा माणूस आजारी पडला. सिस्टर म्हणाल्या, "ब्रदर, तुम्हाला जमेल का?" मला स्वतःची दाढी सोडून कुणाची करता येत नव्हती. पहिले आले एक आजोबा. मुंबईच्या गिरणीत आयुष्य गेलेलं, संपानंतर गावी, गावाहून इथे. त्यांची कातडी इतकी सैल होती की एका हाताने ओढून धरल्याशिवाय वस्तरा फिरत नव्हता. गळ्याचा मणी वरखाली होत होता आणि मी तिथे पोचलो की श्वास रोखायचो. तेही रोखायचे. मग मधेच म्हणाले, "पोरा, घाबरू नको, कापलं तरी रक्त थोडंच राहिलंय." चाळीस मिनिटं लागली. हनुवटीखाली एक पट्टा राहिला. त्यांनी गालावरून हात फिरवला आणि मला एका मुलीच्या नावाने हाक मारली. सिस्टरांनी नंतर सांगितलं, ती त्यांची मुलगी, वारलेली.

त्या रात्री वहीत दीड ओळ आहे. "दाढ्या केल्या. अजून बरं वाटतंय." बाकी पानं मी प्रवचनासारखी लिहिलेली, त्यात ही दीड ओळ उपऱ्यासारखी दिसते.

जानेवारीत आठ दिवसांची तपसाधना झाली. संपूर्ण मौन. दिवसातून पाच वेळा तासाभराची प्रार्थना, आणि एकदा मास्टरांची वीस मिनिटांची भेट. पहिले दोन दिवस मी बहुतेक झोपलो, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तिसऱ्या दिवशी मी फादर म्हणून माझी पहिली मिस्सा, वेदीवरची उपासना, डोळ्यांसमोर आणली. आमचं चर्च, बाहेर मांडव, बँड, पहिल्या रांगेत आई नव्या लुगड्यात, मागे कुंद-मोगऱ्याचे हार, जेवणाला फुगे, म्हणजे आमचे तळलेले गोल पाव, आणि डुकराच्या मटणाचं सोरपोतेल. आणि वेदीवर मी, हात पसरून. रडू फुटलं मला. तास कधी संपला कळलं नाही. अर्ध्या तासाने वही उघडली आणि प्रामाणिकपणे लिहिलं: "उरलं: काही नाही. डोकं दुखतंय."

पाचव्या दिवशी इग्नेशियसचाच दुसरा एक मार्ग करून पाहायचा होता. आपण मरणाच्या अंथरुणावर आहोत अशी कल्पना करायची, आणि त्या वेळी आजचा निर्णय कसा घेतलेला आवडेल ते पाहायचं. मी डोळे मिटले. मेलोसुद्धा. आणि काय बघत होतो? माझ्या दफनाला किती फादर आलेत ते मोजत होतो. बिशपही आलेले. हे मास्टरांना सांगताना मला हसू आलं, त्यांना आलं नाही. ते म्हणाले, "आजोबांची दाढी केलीस तेव्हा कोण कोण बघत होतं?"

"कुणीच नाही."

"बरं," म्हणाले, आणि सहाव्या दिवसासाठी बायबलमधला एक उतारा देऊन मला पाठवून दिलं.

उतारा होता 2 शमुवेल, सातवा अध्याय. दावीद राजाला वाटतं, मी गंधसरूच्या घरात राहतो आणि देवाचा कोश, ती पवित्र पेटी, तंबूत. मंदिर बांधायला हवं. यापेक्षा चांगली इच्छा कोणती? तो नाथान संदेष्ट्याला सांगतो, आणि संदेष्टाही म्हणतो, तुझ्या मनात आहे ते कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. त्याच रात्री देव नाथानला उठवून सांगतो की नाही. दावीदाने बांधायचं नाही, त्याचा मुलगा बांधेल. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. त्या दिवशी पहिल्यांदा एक गोष्ट खटकली: चुकीचा होकार प्रत्यक्ष संदेष्ट्याने दिला होता! म्हणजे माझ्या खांद्यावर हात ठेवणाऱ्या त्या फादरांचं वाक्य...

एवढ्यावर मी वही मिटली. पुढचा विचार केला नाही. आठव्या दिवशी मास्टरांसमोर बसून ठणकावून सांगितलं, "फादर, माझी हाक पक्की आहे." लोक साधनेचे अनुभव सांगतात तेव्हा आठव्या दिवशी काहीतरी उलगडतं. माझं उलगडलेलं मी घडी घालून परत पेटीत ठेवलं.

एप्रिल 2003. मूल्यमापनाची भेट. टेबलावर एक टाइप केलेला कागद, मास्टरांनी तो माझ्याकडे फिरवला. पहिल्या व्रतांसाठी शिफारस करता येत नाही, असं वर एका ओळीत. खाली तीन कारणं. एक: आज्ञा पाळतो, पण आधी ती स्वतःच्या योजनेत बसवून घेतो. दोन: लोकांसमोर फुलतो, एकटा असताना कोमेजतो. तीन: सामूहिक जीवनात मिसळत नाही.

तिसरं कारण चूक होतं, हे मी आजही म्हणेन. बाकीचे नोव्हिस अठरा-एकोणीसचे, क्रिकेट आणि सिनेमाची गाणी यांत रमलेले. मी पंचविशीचा, कंपनीत खपलेला. न मिसळणं हा दोष की वय, हे त्यांनी पाहायला हवं होतं. पहिल्या दोन कारणांवर मात्र मला बोलता येईना. पहिलं वाचताना टॅलीसमोरचा धुमसणारा मी आठवलो.

पण मी भांडलो. "फादर, हे देवाचं म्हणणं आहे की तुमच्या समितीचं?" 

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुला पाचारण आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"देवाने."

"कशातून?"

मी यादी सांगायला लागलो. वेदीसेवक, वक्तृत्व, ते फादर, आईचा नवस, शिबिरातला तो रात्रीचा अनुभव... बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं. सगळी माणसंच होती. माझ्या मनासारखं बोलणाऱ्या माणसांतून देव बोलतो, आणि मनाविरुद्ध बोलणारी ती समिती! मी थांबलो. पटलं म्हणून नव्हे, पुढे काय बोलावं ते सुचेना म्हणून.

एस.टी.ने खाली उतरलो, कल्याणहून वसईला. घरी आई काही बोलली नाही. तिने टेरीकॉटची घडी ट्रंकेत सगळ्यात खाली टाकली आणि वर चादरी रचल्या. (दोन वर्षांनी त्याच्या उश्यांच्या खोळी झाल्या. कापड चांगलं होतं, अजून टिकून आहेत.) गावात मात्र बोलायला लोक पुढे. 'परत आला' हे दोन शब्द आमच्याकडे कसे म्हटले जातात ते तिथे राहिल्याशिवाय कळणार नाही. काहींना वाटलं मुलगी असणार. एका म्हातारबुवांनी तर मिस्सेनंतर चर्चच्या पायरीवर मुलीचं गावही सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला बाबांनी मला हलवून उठवलं. "चल. आज टोपल्या दोन आहेत." आम्ही टोपल्या घेऊन लगेजच्या डब्यात चढलो. दादर येईपर्यंत त्यांनी एक शब्द काढला नाही, आणि मला जगात तेवढीच एक सोबत सोसत होती.

यानंतर मी शहाणा झालो असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. झालं उलटंच. एका प्रार्थनागटातल्या ताईंनी माझ्यासाठी डोळे मिटून बायबल उघडलं, बोट ठेवलं, आणि यहोशवाच्या पुस्तकातलं खंबीर हो, हिंमत धर हे वचन निघालं. त्या म्हणाल्या, "बघा, देव म्हणतोय हार मानू नका." मी त्याच आठवड्यात दुसऱ्या एका संघाला पत्र पाठवलं. सहा पानी. त्यांचं उत्तर आलं चार ओळींत: आधीच्या संघाशी बोलून तुम्हाला कळवतो. नंतर कळवलं, नाही म्हणून. बायबल असं उघडून बोट ठेवण्याबद्दल माझं मत तेव्हापासून फार वाईट आहे. वापरातलं पुस्तक नेहमी त्याच जागी उघडतं, कारण बांधणी तिथे सैल झालेली असते.

आणि 'देवाची इच्छा' या शब्दांबद्दलही थोडं बोललं पाहिजे. आमच्याकडे हे शब्द वाद मिटवायला वापरतात. दारुड्या नवऱ्याकडे परत जा, देवाची इच्छा. भावांना वाडी लिहून दे, देवाची इच्छा. सांगणाऱ्याला त्यात कधी काही सोडावं लागत नाही, हे मी पाहिलंय. म्हणून कुणी दुसऱ्याला देवाची इच्छा ऐकवू लागला की मी आधी विचारतो, यात तुझं काय जातंय? त्या कागदाबद्दल मला हळूहळू विश्वास वाटू लागला त्याचं एक कारण हेही. मला परत पाठवण्यात त्यांचा फायदा नव्हता. पंचविशीचा, शिकलेला, हिशेब येणारा, मराठीत बोलू शकणारा उमेदवार कुठल्याही संघाला नको असतो असं नाही.

2004 च्या एका रविवारी मिस्सेत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायावर प्रवचन झालं. थडग्यांत राहणाऱ्या, साखळदंड तोडणाऱ्या माणसाला येशू बरं करतो. तारवात चढणाऱ्या येशूला तो विनवतो, मलाही बरोबर ने. येशू नेत नाही. घरी जा, तुझ्या माणसांकडे जा, म्हणतो. माझे पाच-सहा संत आणि सगळे प्रेषित 'माझ्यामागे ये' या हाकेवर उभे होते. 'माझ्यामागे येऊ नको, घरी जा' हीसुद्धा हाक असू शकते, हे शुभवर्तमानात इतकी वर्षं होतं आणि मी वेदीसेवक असताना, घंटा हातात घेऊन, ते किती वेळा ऐकलं असेल.

मग मी वाचायला लागलो. मास्टरांनी सांगितलेला इग्नेशियस मी अर्धाच ऐकला होता. तो यरुशलेमला खरंच पोचला, 1523 मध्ये. जन्मभर तिथेच राहायचं हा त्याचा पक्का निर्धार, देवाकडूनच आलेला, अशी त्याची खात्री. तिथली पवित्र स्थळं सांभाळणाऱ्या फ्रान्सिस्कन संघाच्या प्रमुखाने सांगितलं, परत जा. तो म्हणाला, नाही. मग त्यांनी सांगितलं, पोपने आम्हाला अधिकार दिलाय, ऐकलं नाहीस तर बहिष्कृत करू. तेव्हा तो म्हणाला, मग मी इथे राहावं ही देवाची इच्छा नाही. पण जायच्या आधी गुपचूप एकटा निसटून जैतुनाच्या डोंगरावर गेला, पहारेकऱ्यांना आपला चाकू देऊन येशूच्या पावलांचे ठसे बघून आला. थोडं चालल्यावर आठवेना की उजवं पाऊल कुठल्या दिशेला होतं. परत गेला, या वेळी कात्री दिली. मला हा माणूस फार जवळचा वाटला. आज्ञा पाळली, पण एकदा चोरून बघून आला.

आणि आमचा गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेला, किल्ल्यातल्या जेझुइटांकडे शिकलेला, त्यांच्याबरोबर जपानला गेलेला. वर्षानुवर्षं धर्मशिक्षक म्हणून राबला, संघात यायची इच्छा होती, पण त्याला घेतलं नाही. मग व्यापार केला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कनांकडे गेला, तोही फादर म्हणून नव्हे, साधा ब्रदर म्हणून; 1593 मध्ये दुभाषा होऊन जपानला परतला आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रुसावर चढला. 1862 मध्ये संत झाला, भारतात जन्मलेला पहिला. दर वर्षी त्याच्या सणाला मी लहानपणापासून जातोय. नकार पचवलेला माणूस म्हणून त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. प्रवचनांत हे असं सांगतात की बघा, देवाने त्याच्यासाठी मोठं काहीतरी राखून ठेवलं होतं. मला तसं म्हणवत नाही. गोन्सालोला क्रूस मिळाला, मला पावतीपुस्तक.

कारण मी पुन्हा हिशेबाकडेच गेलो. आधी एका पतपेढीत, मग एका इस्पितळाच्या ऑफिसात. 2007 मध्ये लग्न झालं. हे माझं 'खरं' पाचारण होतं का, असं बायको कधीतरी चिडवते, विशेषतः गॅस संपलेला असताना. मला माहीत नाही. बदललं एवढंच की प्रार्थनेला बसताना हात रिकामे ठेवायचा प्रयत्न करतो. जमतंच असं नाही. मुलीच्या शाळेच्या प्रवेशाच्या वेळी पुन्हा भरलेलं व्हाउचर घेऊनच बसलो होतो, वही उघडल्यावर लक्षात आलं. हो, ती अर्ध्या तासाची वही चालू आहे, आता बारावी की तेरावी. बहुतेक पानांवर काही नसतं. 'झोप आली' असं बरंच आहे.

2014 मध्ये मास्टर वसईत आले, कुणाच्या तरी गुरुदीक्षेला. थकले होते, काठी आली होती. मी घरी जेवायला बोलावलं, येतील असं वाटलं नव्हतं. आले. आईने बोंबील तळले. बाबा त्यांच्याशी सोनचाफ्याच्या भावाबद्दल बोलत राहिले. आई भाकरी आणायला आत गेली तेव्हा मी अकरा वर्षं जपून ठेवलेला प्रश्न विचारला.

"फादर, तेव्हा तुमची खात्री होती?"

"कशाची?"

"मला पाचारण नाही याची."

त्यांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला. "नव्हती," म्हणाले. "साठ-चाळीस. फार तर पासष्ट-पस्तीस."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी ज्या कागदाशी भांडलो, मग ज्याच्यापुढे मान तुकवली, ज्याला हळूहळू देवाचं म्हणणं म्हणायला शिकलो, त्यावर पासष्ट टक्क्यांची सही होती.

"मग केलीत कशी सही?"

"तीन दिवस केलीच नाही. चौथ्या दिवशी संघाच्या प्रांतप्रमुखांना कागद हवा होता." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "चॅपलमध्ये गेलो. म्हटलं, मला दिसतंय ते एवढंच, चुकत असेन तर या पोराचं तू बघ. आणि केली."

आई भाकऱ्या घेऊन बाहेर आली. "फादर, अजून एक बोंबील?"

त्यांनी ताट पुढे केलं.